गुडघ्यापर्यंतचं पाणी ओढ्याचं

माझ्या ताईच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या भावोजींना, अख्खी गल्ली विमेकाका म्हणते. त्यांना खरं नाव आहे, पण ते फक्त बँकेला आणि त्यांच्या आईला माहीत. विमा विकायला लागण्याआधी त्यांनी पंखे विकून पाहिले, पाण्याच्या टाक्या विकून पाहिल्या आणि मधे काही महिने दारावरच्या घंटाही विकल्या. घंटा विकायला गेले की ते दार हाताने वाजवायचे. आतून माणूस धावत यायचा, दार उघडायचा आणि म्हणायचा, "ऐकू आलं की! मग घंटा कशाला?" भावोजी हसून पुढच्या दाराकडे वळायचे आणि तेही हातानेच वाजवायचे.

विमा मात्र त्यांना मानवला. इतर एजंट लोकांना घाबरवतात. आग लागेल, चोरी होईल, तुम्ही पटकन जाल आणि मागे बायकामुलांचे हाल होतील. भावोजींना असलं अभद्र बोलणं जमायचं नाही. ते कौतुक करायचे. दुकानात जाऊन बसायचे आणि काउंटरवरून हात फिरवत म्हणायचे, "काय लाकूड आहे हो! असं आता बघायला मिळत नाही." मग छताकडे बघून, "वा, काय उंची!" मग मशीन, मग पंखा, मग बसायची खुर्ची. एवढं कौतुक ऐकल्यावर दुकानदाराला स्वतःच्याच दुकानाची अशी माया दाटून यायची, की तोच काळजीने विचारायचा, "याला काही होणार नाही ना हो?" तेव्हा भावोजी हळूच पिशवीतून कागद काढायचे.

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेही वडिलांचा विमा उतरवायला. वडिलांनी चहा पाजला आणि नको म्हणाले. पण ताईची तेव्हापासूनच सवय अशी, की कागद हातात आला की तो शेवटपर्यंत वाचायचा. तिने असले प्रश्न विचारले की उत्तरं आणायला भावोजींना पुन्हा यावं लागलं, आणि पुन्हा, आणि पुन्हा. शेवटी वडील म्हणाले, "अहो, तुम्ही दोघं लग्न तरी करून टाका. माझी चहापत्ती संपत आलीय." पॉलिसी वडिलांनी कधीच घेतली नाही.

आमची गल्ली उताराची. वरच्या टोकाला मोकळं मैदान, खालच्या टोकाला ओढा. हा ओढा रस्त्याखालच्या मोरीतून, म्हणजे एका मोठ्या सिमेंटच्या नळातून, पलीकडे जातो. वर राहतात ते वरचे, खाली राहतात ते खालचे. वरच्यांच्या गच्च्यांवर वारा छान, खालच्यांकडे गिऱ्हाईक छान, कारण बसचा थांबा खाली. ही वाटणी कधी कुणाला खटकली नव्हती. आम्ही खालचे. माझं फोटोंना फ्रेमा करून द्यायचं दुकान, शेजारी बेकरी आणि बेकरीच्या वरच्या मजल्यावर ताई-भावोजी. मी लहान असताना ओढ्यात कागदाची होडी सोडली तर ती गाळात रुतून बसायची, इतकं पाणी बेताचं. अलीकडे मात्र हवेचं काहीतरी बिनसलंय. ऊन नको तेवढं तापतं आणि मग पाऊस महिन्याभराचं सगळं काम एका दुपारी उरकून टाकतो. ओढाही तापट झाला. दरवर्षी एकदा तरी रस्त्यावर यायचा, आमच्या पायऱ्या हुंगायचा आणि परत जायचा.

म्हणूनच भावोजींनी गल्लीतल्या झाडून सगळ्या दुकानांचा आणि बऱ्याच घरांचा विमा उतरवला होता. माझाही. मी नको म्हणत होते, पण त्यांनी माझ्या पत्र्याच्या कपाटाचं इतकं कौतुक केलं की मला नाही म्हणवेना.

ते वादळ आलं ते भर दुपारी. आधी नुसता वारा. वरून पत्रे, वाळत घातलेले कपडे, कुंड्या, एक प्लास्टिकची खुर्ची असं सगळं उतारावरून खाली येत होतं, जणू वरच्यांनी घर बदलायचं ठरवलंय आणि घाईत आहेत. मग पाऊस. मग ओढा. पाणी उंबरठ्यापाशी क्षणभर थांबलं, पाहुणा चपला काढायला थांबतो तसं, आणि सरळ आत आलं.

माझ्याकडे तेव्हा काचा बसवायच्या राहिलेल्या बऱ्याच फ्रेमा होत्या. आणि लोक फ्रेम करतात कुणाच्या फोटोची? घरातल्या मोठ्या माणसांच्या. लाकडी चौकट तरंगते हे मला त्या दिवशी कळलं. गल्लीतले सगळे सासरे एकामागोमाग दाराबाहेर निघाले, उताणे, गंभीर चेहऱ्याने आभाळाकडे बघत. मी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ओरडत होते, "अहो, ते मिशीवाले पकडा! काकांना धरा, काकांना!" शेजारी बेकरीवाला मैद्याची पोती वाचवायला धडपडत होता. पण पोतं उचललं की हातात नुसतं पोतं यायचं, मैदा केव्हाच पाण्याबरोबर निघालेला. शेवटी ताईने वरच्या खिडकीतून दोर सोडला आणि आम्हा दोघांना दम दिला, "ते सगळं राहू द्या आणि मुकाट्याने वर या." आम्ही गेलो. भावोजींनी टॉवेल दिले. कुणाच्या जिवाला धक्का लागला नाही, ही मोठीच गोष्ट.

पाणी ओसरल्यावर दुकानांत घोटाभर चिखल होता, पण गंमत सांगते, कुणाचा चेहरा फारसा पडलेला नव्हता. विमा होता ना! बेकरीवाला चिखलातून पाय उपसत म्हणाला, "काका, आता ओव्हन नवाच घेतो. आकडे चमकतात तसला." भावोजींची छाती अशी फुगली होती की शर्टाचं वरचं बटण लागेना. मला त्यांचं कळत होतं. पंखा विकला की तो फिरताना दिसतो, टाकी विकली की ती भरताना दिसते. विमा विकला की काहीच दिसत नाही. आयुष्यभर न दिसणारा माल विकलेल्या या माणसाचा माल आता पहिल्यांदा लोकांच्या डोळ्यांना दिसणार होता.

कंपनीने नुकसान बघायला एक पाहणीबाई पाठवली. तरुण, पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, गळ्यात कॅमेरा. आमच्यासारख्याच कितीतरी गल्ल्या बघून आलेली, त्यामुळे उभ्या उभ्या पेंगत होती. तिने वरच्या टोकाकडून सुरुवात केली. शिंपीमामांच्या छताचा पत्रा उडाला होता आणि शिलाई मशिनं भिजली होती. मंजूर. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या खिडक्या फुटून सोफा भिजला होता. मंजूर. अशी मंजूर मंजूर करत ती खाली माझ्या दुकानापाशी आली.

"पाणी वरून आलं की खालून?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"छतातून गळलं की दारातून शिरलं?"

"दारातून. हे काय, अजून खुणा आहेत."

तिने लिहिणं थांबवलं. बेकरीत गेली, तिथेही तेच विचारलं, तिथेही तेच उत्तर. मग भावोजींना बाजूला घेऊन हळू आवाजात काही सांगायला लागली, पण आमच्या गल्लीत हळू आवाज सगळ्यात आधी ऐकू जातो.

"काका, वारा आणि छतातून आलेला पाऊस हे तुमच्या पॉलिसीत आहे. जमिनीवरून चढलेलं पाणी गेल्या नूतनीकरणापासून काढलंय. सगळ्या गल्लीचं नाही, फक्त या खालच्या भागाचं. कंपनीच्या नकाशात हा भाग लाल झालाय."

बेकरीवाला पुढे आला. "मॅडम, मला एक सांगा. हे पाणी ओढ्यात यायच्या आधी कुठे होतं? ढगात ना? म्हणजे वरूनच आलं की! जरा वळसा घालून आलं, एवढंच."

"मला पटतंय हो," ती म्हणाली. "कलमाला पटत नाही."

"मग पाणी काढलंत तेव्हा आमचा हप्ता कमी केलात का?" मी विचारलं.

तिने आपल्या बुटांकडे पाहिलं. "नाही. थोडा वाढलाच होता."

भर वरातीत कुणी अंगावरचा कोट परत मागावा तसा भावोजींचा चेहरा झाला होता.

त्या संध्याकाळी मी ताईकडेच होते. ताई भाजी चिरत होती. तिने विचारलं, "अहो, ते नूतनीकरणाचे कागद आले होते, ते तुम्ही वाचले होते का?"

"चाळले होते."

"चाळले म्हणजे?"

"म्हणजे... सगळ्यांचे आलेत ना, ते पाहिलं. आणि प्रत्येकाबरोबर कॅलेंडर फुकट होतं, ते गुंडाळून दिलं."

ताईने सुरी खाली ठेवली. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण ती एवढंच म्हणाली, "मग आता वाचा." आणि स्वतःच जाऊन कागद घेऊन आली. दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वाचायला लागली. मधेच भावोजी म्हणाले, "हे वाक्य कुठे संपतं गं?" ताई म्हणाली, "पुढच्या पानावर. पण आधी श्वास घ्या."

नंतरचे दिवस भावोजींना फार वाईट गेले. लोक भांडले असते तर बरं झालं असतं. पण खालचे लोक त्यांच्याशी एकदम सभ्यपणे वागायला लागले. पूर्वी "काय विमेकाका, आज कुणाला गुंडाळलंत?" म्हणणारी माणसं आता "नमस्कार" म्हणून बाजूला व्हायची. भावोजी पुढचा जिना सोडून मागच्या जिन्याने उतरायला लागले. बेकरीवाल्याने उधारीवर एक जुना ओव्हन मिळवून पाव भाजायला सुरुवात केली होती. तो रोज काही न बोलता भावोजींच्या हातात पावाची पुडी द्यायचा. भावोजी मला म्हणाले, "तो मला शिव्या का घालत नाही? तो पाव घशाखाली उतरत नाही माझ्या." तरी पुडी संपायची. ताई म्हणायची, घसा बारीक असला तरी चालू आहे.

त्यांनी कंपनीकडे पुन्हा पाहणी करायची मागणी केली. एजंटनेच स्वतःच्या कंपनीविरुद्ध अशी मागणी केलेली तिथे कुणाला आठवत नव्हती, त्यामुळे नाही म्हणायचं कसं हेही त्यांना माहीत नव्हतं. पाहणीबाई परत आली. ती आली त्याच सकाळी नगरपालिकेचं मशीन मोरी साफ करायला लागलं होतं आणि आम्ही सगळे काम सोडून ते बघत उभे होतो. गाळ निघाला, फांद्या निघाल्या, एक गादी निघाली. मग मशीनचा पंजा कशाला तरी अडला. करकर आवाज करत एक मोठा पत्रा बाहेर आला. मोरीच्या तोंडावर झाकणासारखा घट्ट बसला होता तो. हिरवा रंग, आणि त्यावर पांढऱ्या रंगात काढलेल्या पॅंटचा एकच पाय.

गर्दीतून आनंदाची आरोळी आली, "अरे, माझा पत्रा!"

शिंपीमामा होते. त्यांच्या जुन्या दुकानाची पाटी त्यांनी पत्रा म्हणून छतावर टाकली होती, हे वरच्या सगळ्यांना माहीत होतं. मामा पुढे धावले आणि चिखलातल्या त्या पत्र्यावर हरवून सापडलेल्या म्हशीवर फिरवावा तसा हात फिरवायला लागले. "हाच! ही पॅंट मी स्वतः रंगवलीय. दुसरा पाय अजून घरी आहे!"

मग त्यांचं लक्ष पाहणीबाईच्या बुटांकडे गेलं. बुटांवरून नजर वर सरकली, तसा त्यांचा हात पत्र्यावरून मागे सरकला.

"म्हणजे," ते म्हणाले, "तसाच दिसतो. पॅंट काय, सगळ्यांची सारखीच असते."

सगळी गल्ली हसली. पण भावोजी हसले नाहीत. ते पत्र्याकडे बघत होते, मग मोरीकडे, मग वर शिंपीमामांच्या छताकडे. ते चालत मामांजवळ गेले आणि अगदी हळू विचारलं, "मामा, हा उडाला कशाने?"

"वाऱ्याने. तसं लिहूनच दिलंय ना मी. पण हे बघा विमेकाका, मी पैसे परत करणार नाही. नवा पत्रा बसवून झालाय माझा."

पाहणीबाईच मधे बोलली. "परत करायचे नाहीत मामा. पत्रा वाऱ्याने उडाला हे कंपनीने मान्य केलंय आणि हा पत्रा आता काही कामाचा नाही. तो तुमचा आहे एवढंच सांगायचंय."

"बस, एवढंच?" मामांचा जीव भांड्यात पडला. "मग तो माझा आहे, माझ्या बापाचा आहे! कुठे सांगायचंय ते बोला!"

कंपनीच्या मोठ्या ऑफिसात सुनावणी झाली. थंडगार खोली, लांब टेबल, प्रत्येकापुढे पाण्याचा ग्लास आणि त्यावर झाकण. बेकरीवाला माझ्या कानात म्हणाला, "इथे पाणी वरून येऊ नये याची काळजी बघ किती." टेबलापलीकडे साहेब आणि त्यांचा उंचापुरा इंजिनियर. अलीकडे आम्ही खालचे, शिंपीमामा आणि मधोमध भावोजी, नवा शर्ट घालून.

साहेबांनी विचारलं, "दुकानांत शिरलेलं पाणी ओढ्याचं होतं, हे तुम्हाला मान्य आहे ना?"

"मान्य आहे साहेब," भावोजी म्हणाले. "पण ओढा काही कालचा नाही. तो आपला मोरीतून गुपचूप जातो. त्या दिवशी तो आला तर दाराला झाकण. झाकण कुणी लावलं? पत्र्याने. पत्रा कुणी आणला? वाऱ्याने. वारा तुमच्या यादीत आहे. या पत्र्याचे पैसे तुम्ही वाऱ्याच्याच नावावर दिलेत. आता तोच वारा गल्लीच्या वरच्या टोकाला खरा आणि खालच्या टोकाला खोटा, असं कसं?"

मग शिंपीमामांना बोलायला सांगितलं. ते खुर्चीत मावेनात. पत्रा छतावरून कसा सुटला, कसा गिरकी घेऊन मुख्याध्यापिकाबाईंच्या गच्चीवर टेकला, तिथून कसा पुन्हा उठला, हे सगळं त्यांनी दोन्ही हात पसरून, खोलीभर फिरून करून दाखवलं. साहेब दोनदा म्हणाले, "पुरे, कळलं." मामा म्हणाले, "अजून तो बेकरीपर्यंत आलेलाच नाही!" आणि पुढे निघाले.

साहेबांनी भावोजींकडे रोखून पाहिलं. "एक विचारू? तुम्ही आमचे एजंट की त्यांचे?"

भावोजी म्हणाले, "साहेब, हप्ते मी त्यांच्याकडून घेऊन तुम्हाला आणून देत आलो. तेव्हा तुम्ही हे कधी विचारलं नाहीत."

साहेब आणि इंजिनियर बाहेर गेले. परत आले ते निर्णय घेऊनच. इंजिनियरचं म्हणणं असं, की पत्रा नसता तरी त्या पावसात ओढा थोडासा आत आलाच असता. किती? तर साधारण गुडघ्यापर्यंत. तेव्हा गुडघ्यापर्यंतचं पाणी ओढ्याचं, त्याची भरपाई नाही. त्यावरचं पाणी पत्र्याचं, म्हणजे वाऱ्याचं, त्याची भरपाई मिळेल.

मग बेकरीवाल्याने विचारलं, "कुणाच्या गुडघ्यापर्यंत?"

हा प्रश्न हसण्यासारखा होता, पण कुणी हसलं नाही, कारण प्रत्येक जण टेबलाखाली आपापला गुडघा चाचपत होता. गुडघा जितका बुटका तितकी भरपाई जास्त. शिंपीमामा ताडकन उभे राहिले. "माझा घ्या! गल्लीत माझ्याइतका बुटका कुणी नाही!" आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी ही गोष्ट अशी छाती काढून सांगितली असेल. साहेबांनी इंजिनियरच्या लांबलचक पायांकडे बोट दाखवलं. बराच वेळ गुडघ्यांवरून घासाघीस झाली. शेवटी कोपऱ्यात बसलेली पाहणीबाई म्हणाली, "माझा बूट घ्या. बुटाची उंची कारखान्यात ठरते. त्याला ना तुमची बाजू, ना त्यांची."

अशा रीतीने एका रबरी बुटाने आमच्या गल्लीचा न्याय केला. पाहणीबाई प्रत्येक दुकानात भिंतीला बूट लावायची आणि मी त्याच्या वरच्या काठाने खडूची रेघ मारायचे. रेघेच्या वर मिळणार, खाली नाही. माझ्या भिंतीवर टांगलेल्या सासऱ्यांचे पैसे मिळाले, खाली रचून ठेवलेल्यांचे नाही. बेकरीवाल्याचा ओव्हन तर अवघड जागी अडकला होता. त्याचे पाय रेघेखाली, पोट रेघेवर. बरीच चर्चा होऊन पाय सोडून बाकी ओव्हन मंजूर झाला. बेकरीवाला म्हणाला, "बिनपायाचा ओव्हन कुठे मिळतो ते कंपनीलाच विचारा." पण म्हणताना त्याचा चेहरा उजळला होता. त्या दिवशी त्याने भावोजींना पावाची पुडी दिली आणि वर एक सणसणीत शिवी दिली. भावोजींना इतकं बरं वाटलं की त्यांनी तिथेच उभ्या उभ्या अर्धा पाव खाल्ला.

न्याय झाला म्हणायचं का? मला अजून ठरवता येत नाही. जे मिळालं त्यातून माझं दुकान उभं राहिलं, पण कर्ज काढावं लागलंच. आणि कंपनीने भावोजींना बोलावून सांगितलं, की पुढच्या वर्षापासून खालच्या टोकाचा विमाच घेणार नाही. कलम काढणं वगैरे भानगड नको, दुकानंच नकोत. वरचे चालतील. वरच्यांचं काम भावोजींनी खुशाल सुरू ठेवावं, कमिशनही वाढवून देऊ.

भावोजी घरी येऊन ताईला म्हणाले, "म्हणजे ज्यांच्याकडे पाणी येत नाही त्यांनी पाण्याचा विमा घ्यायचा. हे म्हणजे जेवण झालेल्यालाच पुन्हा वाढण्यासारखं आहे."

"तुम्ही काय म्हणालात मग?"

"विचार करून सांगतो म्हणालो."

"आणि विचार काय केलात?"

"तो करायलाच घरी आलो."

ताईचं डोकं अशा वेळी शांत चालतं. तिने सुचवलं, की गल्लीनेच एक सामायिक पेटी करावी. दर महिन्याला प्रत्येकाने थोडे टाकायचे, ज्याचं नुकसान होईल त्याला त्यातून द्यायचं. त्यासाठी मुख्याध्यापिकाबाईंच्या गच्चीवर बैठक झाली. बाई निवृत्त झाल्या असल्या तरी त्यांनी एकदा चष्म्यावरून पाहिलं की समोरचा माणूस आपोआप ताठ बसतो. त्यांनी सरळ विचारलं, "आम्ही उंचावर राहतो. आमच्याकडे पाणी येणार नाही. मग आम्ही का भरायचे?"

मला वाटलं, भावोजी आता त्यांच्या सोफ्याचं कौतुक सुरू करणार. पण ते म्हणाले, "बाई, प्रश्न बरोबर आहे. मी तुमच्या जागी असतो तर हेच विचारलं असतं. एवढंच सांगतो, तुमच्या गच्चीवर पडलेला पाऊस तुमच्याकडे राहत नाही, आमच्याकडे येतो. पावासाठी तुम्हीही खालीच येता. पण जबरदस्ती नाही. पटलं तर भरा."

शिंपीमामांनी लगेच भरले. गच्चीवरच्या कुणीतरी म्हटलं, "मामांनी भरायलाच हवेत, पत्रा त्यांचाच." वरच्यांपैकी काहींनी भरले, काहींनी बघू म्हटलं. बाईंनी भरले नाहीत. त्या म्हणाल्या, "हिशेबाच्या भानगडीत मी पडत नाही. पण माझी पुढची खोली ऐसपैस आहे. वादळाचा इशारा आला की तुमचा माल तिथे आणून ठेवा. चपला बाहेर काढून."

भावोजींनी कंपनीचं काम पूर्ण सोडलं नाही, पोट कुणाला चुकलंय. पण त्यांची पद्धत पार बदलली. आता ते दुकानात गेले की आधी काय मिळणार नाही ते मोठ्याने वाचून दाखवतात, पहिल्या पानापासून. गिऱ्हाईकं कमी झाली. एक पुस्तकविक्रेता तर ऐकता ऐकता काउंटरवरच झोपला. ताई म्हणते, झोपला तो झोपला, पण उठल्यावर त्याने सही केली ती जाणतेपणाने. न सांगता कलम काढून हप्ता वाढवता येतो का, याबद्दल भावोजींनी सरकारी तक्रार कार्यालयात अर्ज केलाय. निकाल अजून लागलेला नाही. ते अधूनमधून चौकशीला जातात. आता तिथला शिपाई त्यांना बघितल्याबरोबर खुर्ची पुढे करतो आणि स्वतःच्या मोटारसायकलच्या विम्याबद्दल सल्ला विचारतो.

पुढच्या वर्षी वादळाचा इशारा आला. सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले आणि गल्ली कामाला लागली. मैद्याची पोती, माझ्या फ्रेमा, वजनकाटा, सगळं हातोहात चढावर गेलं. वरचे खाली उतरून ओझी उचलत होते, पैसे न भरलेलेसुद्धा. संध्याकाळपर्यंत बाईंची खोली अशी भरली की त्यांना स्वतःच्या खुर्चीपर्यंत जायला वाट विचारावी लागली. पाऊस मोठा झाला, पण पाणी आमच्या पायऱ्यांशी थांबलं.

सकाळी माल परत नेताना बेकरीवाल्याच्या ट्रेचा कोपरा लागून बाईंच्या जेवणाच्या टेबलावर हा एवढा लांब ओरखडा उठला. बेकरीवाला पांढराफटक पडला. भावोजी म्हणाले, "पेटीतून दुरुस्ती करून देऊ."

बाई म्हणाल्या, "मी पैसे भरलेले नाहीत. मला कशी भरपाई?"

"तुमची खोली पेटीच्याच कामात होती," ताई म्हणाली. "म्हणजे तुम्ही भरलंच की. फक्त नाण्यांत नाही."

बाईंनी चष्मा नाकावर सारला. "तुमच्या पेटीचे नियम लिहिलेले आहेत का कुठे? आणा बघू."

ताईने कागद आणून दिला. बाईंनी तो उभ्यानेच वाचला, शुद्धलेखनाच्या चुका पेनाने दुरुस्त केल्या, एका वाक्याशी थांबून "हे फार लांब झालंय" म्हणून त्याचे दोन तुकडे केले. मग आत गेल्या आणि पाकीट घेऊन बाहेर आल्या. भावोजी म्हणाले, "टेबलाच्या खर्चातून वळते करू या का?"

"मुळीच नाही," बाई म्हणाल्या. "ते वेगळं, हे वेगळं. आणि पावती द्या."